अकस्मात उठलेली खांद्याची कळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हात किंवा खांदा एकाएकी दुखू लागला, आणि पडणे, मार लागणे, ओझे उचलणे असे सांगण्याजोगे कोणतेही निमित्त आठवले नाही, की आपल्या घरांतून त्या दुखण्याचा फैसला डॉक्टरांची पायरी चढण्याआधीच होऊन जातो. शीर आखडली, पंख्याचा वारा लागला, उशी उंच झाली, गॅस धरला, अशी कारणे वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण मोठ्या खात्रीने देतो. आणि ही सारी मंडळी रुग्णाच्या हिताची असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजनही असते. परंतु या निदानांच्या मुळाशी दोन गृहीतके दडलेली असतात. जेथे दुखते तेथेच बिघाड असतो, हे एक. आणि दुखणे थांबले की बिघाडही संपला, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके वारंवार खोटी ठरतात, आणि त्यांच्यावर विसंबल्यामुळे माणसांचे नाहक नुकसान होते.

हृदयाची बाब सर्वांत आधी घेतली पाहिजे, कारण तेथे विलंबाला जागा नाही. डावा हात दुखला तर हृदयविकार आणि उजवा दुखला तर निर्धास्त, ही समजूत सुशिक्षितांतही घट्ट रुजलेली आहे. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे हृद्शूळाचे जे प्रसिद्ध वर्णन वाचले, त्यात छातीतील वेदना डाव्या बाहूपर्यंत उतरते असे नमूद आहे. म्हणजे ही समजूत निराधार नाही, अपुरी मात्र आहे. हृदयविकाराची वेदना उजव्या खांद्यात, जबड्यात, पाठीत किंवा केवळ पोटाच्या वरच्या भागातही जाणवू शकते, आणि दोन्ही हातांत एकदम उतरणारी वेदना तर डॉक्टर विशेष गांभीर्याने घेतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. धाप, घाम, मळमळ आणि अंगातील त्राण गेल्यासारखे वाटणे एवढ्याच खुणा दिसतात. हृदयाची वेदना हातात यावी हे विलक्षण वाटते, पण त्याचे कारण शरीररचनेत आहे. हृदयाकडून निघालेले संवेदनातंतू आणि हाताच्या आतील बाजूकडून निघालेले तंतू मज्जारज्जूच्या एकाच भागात दाखल होतात; दोन गावांच्या फिर्यादी एकाच कचेरीत, एकाच दप्तरात नोंदल्या गेल्या म्हणजे कोणती फिर्याद कोठली याचा जसा घोटाळा व्हावा, तसा मेंदूचा घोटाळा होतो आणि हृदयाची फिर्याद हाताच्या नावावर चढते.

'गॅस' ही आपल्याकडची दुसरी घातक समजूत. आतड्यातील वायू आतड्यातच राहतो. तो खांद्यात शिरून तेथे अडकून बसण्यास शरीरात वाटच नाही. ओवा चावला, सोडा घेतला, ढेकर आला आणि क्षणभर बरे वाटले, एवढ्याने हृदय सुखरूप असल्याचा दाखला मिळत नाही. घाम, धाप किंवा मळमळ यांसह अकस्मात आलेली वेदना, ती कोणत्याही बाजूची असो, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवण्यास पुरेशी आहे. आणि जिना चढताना किंवा भरभर चालताना येणारी व थांबताच ओसरणारी वेदना त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्यास पुरेशी आहे. पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणजेही मामला संपत नाही. काही तासांच्या अंतराने तो पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनची रक्ततपासणी पुन्हा करावी लागते, आणि तेवढा वेळ रुग्णालयात थांबण्याची डॉक्टरांची सूचना घरच्यांनी मोडून काढू नये.

पोटातील दुखणेही खांद्यात बोलते. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतूनच निघतो, सबब पटलाला खालून त्रास झाला की वेदना खांद्याच्या टोकाशी उमटते. पित्ताशयाच्या विकारात ती उजव्या खांद्यात येते. पोटाला मार लागून प्लीहा फाटली तर डाव्या. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखून खांद्याच्या टोकाला कळ आली आणि तिला भोवळ येऊ लागली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर रुजून नलिका फुटल्याचा संशय धरून तिला तात्काळ रुग्णालयात न्यावे. अशा वेळी खांद्याला तेल चोळीत बसणे म्हणजे तिचे प्राण धोक्यात घालणे होय.

आता ज्या विकारासाठी मुख्यतः हे लिहिण्याची निकड वाटली त्याकडे येऊ. धडधाकट माणूस रात्री झोपतो आणि पहाटेपूर्वी केव्हातरी खांद्यातील अशा वेदनेने जागा होतो की कूस बदलून, हाताखाली उशी घेऊन, उठून येरझाऱ्या घालून, कशानेही तिला उतार पडत नाही. ती खांद्यातून दंडात, कधी फऱ्यात पसरते; साध्या वेदनाशामक गोळीला ती दाद देत नाही; आणि मान हलवल्याने तिच्यात विशेष फरक पडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांमध्ये अशी प्रकरणे लक्षात येण्याजोग्या संख्येने आढळली. १९४३ साली स्पिलेन यांनी मध्यपूर्वेतील ब्रिटिश फौजेतील ४६ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि १९४८ साली पार्सोनेज व टर्नर या दोघा मज्जातंतुतज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात १३६ रुग्णांचा तपशील देऊन या विकाराला 'न्यूरॅल्जिक ॲमायोट्रॉफी' असे नाव दिले. मानेच्या खालच्या चार आणि छातीच्या पहिल्या अशा पाच मज्जामुळांपासून हाताचे सर्व मज्जातंतू विणले जातात. त्या जाळ्यावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटते आणि तेथे दाह होतो, असे आज मानले जाते. एखादा संसर्ग, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा अंगाला न सोसणारे श्रम यांच्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी हे घडते. पण अनेकांच्या बाबतीत मागे वळून पाहता काहीच निमित्त सापडत नाही. हिपॅटायटिस ई या विषाणूशी याचा संबंध युरोपातील अभ्यासांतून पुढे आला आहे. आपल्याकडे दूषित पाण्यातून काविळीच्या साथी पसरवणारा विषाणू तोच, म्हणून अशा रुग्णाने, विशेषतः दोन्ही खांदे धरले असतील तर, यकृताची तपासणी करून घेणे इष्ट. डोळे पिवळे दिसतीलच असे नाही.

हा विकार अतिदुर्मिळ असल्याचे पुस्तकांतून दीर्घकाळ लिहिले जात होते. लाखात दोन-तीन, असा जुना अंदाज. परंतु नेदरलंड्समधील नाइमेखन परिसरात जेव्हा साध्या कुटुंबवैद्यांना त्याची लक्षणे नीट शिकवून मग मोजणी करण्यात आली, तेव्हा वर्षाकाठी सुमारे हजारात एक असे प्रमाण आढळले. याचा अर्थ हे रुग्ण पूर्वीही होते. फक्त त्यांच्या कागदांवर 'मानेचा त्रास' किंवा 'स्नायूंचे दुखणे' असे लिहिले जात होते.

या विकारात दुसरे गृहीतक, म्हणजे दुखणे थांबले की बिघाड संपला हे, पूर्णपणे उलटे ठरते. काही दिवसांनी वा आठवड्यांनी वेदना ओसरू लागते. त्या सुमारास जो लेप, जे मालीश किंवा जो काढा चालू असेल त्याला श्रेय मिळते, आणि घरातील सर्वांना हायसे वाटते. नेमक्या याच सुमारास हाताचा दुबळेपणा उघड होतो. फळीवरचा डबा उतरवता येत नाही, केस विंचरताना हात मध्येच खाली येतो, दंडाचा किंवा खांद्याचा घेर एका बाजूने उतरल्यासारखा दिसतो. रुग्णाला दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून भिंत ढकलण्यास सांगावे आणि पाठीमागून पाहावे: ज्या बाजूचा मज्जातंतू निकामी झाला असेल त्या बाजूचा फरा पाठीला चिकटून न राहता मागे उचलला जातो. काहींच्या बाबतीत खांदा शाबूत राहून बोटेच अडतात. अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून गोल वर्तुळ करावयास सांगितले तर ती टोके वाकत नाहीत, बोटे सपाट चिमटीत येतात, आणि सदऱ्याचे बटण लावणे मुश्कील होते. या खुणा घरच्या माणसालाही दिसतात. त्या पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण वेदना थांबलेली असते.

मज्जातंतूंची विद्युत्-तपासणी, जिला ईएमजी म्हणतात, ती येथे उपयोगी पडते, परंतु आजार सुरू होऊन सुमारे तीन आठवडे लोटण्याआधी केली तर ती निर्दोष येऊ शकते. घाईने केलेल्या तपासणीचा निर्वाळा अखेरचा मानू नये. सुरुवातीच्या दिवसांत प्रभावी वेदनाशामके आणि पुष्कळदा स्टिरॉइड यांची तजवीज मज्जातंतुतज्ज्ञ करतात. पुढील काळ धीराचा असतो. तुटलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो, सबब सुधारणा महिन्यांच्या आणि कधी वर्षांच्या हिशेबाने होते; बहुतेकांची शक्ती मोठ्या अंशी परत येते, पण लवकर थकणारा हात पुष्कळांना दीर्घकाळ सोबत करतो. दुबळा झालेला स्नायू वजने उचलून बळकट करण्याचा अट्टहास तर मुळीच धरू नये, कारण अशा अतिश्रमाने वेदना पुन्हा चाळवते. फऱ्याची हालचाल पुन्हा शिकणे आणि दिवसाची कामे थांबत थांबत करणे, हा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावयाचा इलाज.

या रुग्णांची वाट हटकून चुकते ती मानेच्या फोटोपाशी. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य महाराष्ट्रात कोणी ऐकले नाही असे नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची झीज इतकी सार्वत्रिक असते की, काडीचेही दुखणे नसलेल्या माणसांच्या एक्स-रेत आणि एमआरआयमध्येही ती आढळते. म्हणून चित्रात झीज दिसली एवढ्यावरून दुखण्याचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. खरोखरच मानेतील मज्जामूळ दबले असेल तर मान मागे किंवा दुखऱ्या बाजूला वळवल्याने वेदना हातात उतरते, हात डोक्यावर ठेवल्याने बहुधा आराम पडतो, आणि मुंग्या कोणत्या बोटात येतात यावरून कोणते मूळ दबले याचा बराचसा अंदाज येतो. असे दुखणेही बहुतांशी काही आठवड्यांत ते महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून उतरते.

एकाएकी असह्य दुखण्याचे आणखी एक कारण खांद्याच्या स्नायुबंधात साचलेला चुना, म्हणजे कॅल्शियम. हे ऐकताच पुष्कळ जण दूध सोडतात, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करतात. आहारातील कॅल्शियमचा या साठ्याशी संबंध नाही. आणि विशेष म्हणजे, तो साठा शांतपणे पडून असतो तेव्हा फारसे दुखत नाही, शरीर तो विरघळवू लागते तेव्हाच कळ शिगेला पोचते.

हाताच्या किंवा छातीच्या एका पट्ट्यात आग होते, कपडाही सोसत नाही, आणि त्वचेवर मात्र काही दिसत नाही, अशा वेळी नागीण ध्यानात घ्यावी. फोड उमटण्यापूर्वी काही दिवस नुसती वेदनाच असते. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, या धास्तीने आजवर असंख्य कुटुंबांची झोप उडवली आहे. एका मज्जामुळाच्या मार्गाने, शरीराच्या एकाच बाजूला तो पुरळ येतो आणि सहसा मध्यरेषा ओलांडीत नाही. तो कमरेभोवती फिरून मिटला म्हणून मृत्यू येतो, याला आधार नाही. गेरूचे लेप आणि उतारे यांत मात्र मोलाचा काळ जातो, कारण विषाणुरोधक औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले सर्वांत हितकर असते.

उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घेणे निरुपद्रवी असेल. पण खांदा 'बसवण्यासाठी' दिलेला हिसका निरुपद्रवी नव्हे. निदानावाचून मानेला वा खांद्याला हिसका देऊ देऊ नये. उलट टोकाची चूक म्हणजे हात महिनोन् महिने गळ्यात बांधून ठेवणे. चाळीस ते साठ या वयात, विशेषतः मधुमेह असलेल्यांचा खांदा आधी दुखत दुखत मग आखडत जातो, दुसऱ्याने हात फिरवला तरी तो फिरत नाही, आणि हा आखडलेपणा सुटण्यास एक ते तीन वर्षे लागतात. हा 'फ्रोझन शोल्डर' वरील मज्जातंतूच्या विकाराहून अगदी निराळा आहे. तेथे दुसऱ्याच्या हाताने खांदा सहसा फिरतो, रुग्णाच्या स्वतःच्या बळाने उचलत नाही. बाहूच्या कंडरांतून बोटांपर्यंत जाणारी 'विश्वाची' आणि खांद्याची बंधने सुकवणारा 'अवबाहुक' असा भेद सुश्रुतानेही निदानस्थानात केलेला आहे, तेव्हा सर्वच दुखण्यांना 'वात' म्हणून एकच तेल लावण्यास त्याचाही आधार घेता येत नाही.

हात एकाएकी गार व पांढरा पडला, किंवा सुजून निळसर झाला, तर रक्तवाहिनीत गुठळी असू शकते आणि तेथे तासांचा प्रश्न असतो. इतर दुखण्यांत डॉक्टरांकडे जाताना कळ केव्हा उठली, मान हलवल्याने वाढते की खांदा हलवल्याने, कोणत्या बोटात बधिरता आहे, आणि गेल्या महिन्याभरात ताप, कावीळ, शस्त्रक्रिया यांपैकी काही झाले होते का, एवढे कागदावर लिहून न्यावे. आणि दुखणे थांबल्यावरही एकदा सदरा काढून आरशासमोर उभे राहावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, घरच्यांना दोन्ही फरे पाहावयास सांगावे. एका बाजूस उणेपणा आढळला तर, वेदनेचा मागमूस नसला तरी, त्याच आठवड्यात मज्जातंतुतज्ज्ञांची भेट घ्यावी.