कुवेतचे दिनार, दापोलीचा बकरा

कोकणातल्या पुष्कळ मुसलमान घरांतला कर्ता माणूस आखातात असतो. बकरी ईद जवळ आली की तो घरी पैसे पाठवतो. भाऊ बाजारातून बकरा आणतो, खाटीक सुरी चालवतो आणि कुर्बानी होते कुवेतमध्ये बसलेल्या माणसाच्या नावाने. त्याने ना बकरा पाहिला, ना सुरीला हात लावला. मग ती त्याची झाली कशी? इस्लामी कायद्याच्या पंडितांनी शतकानुशतकं या प्रश्नाचा जो बारकाईने पाठपुरावा केला आहे, तो पाहून मी थक्क होतो.

उत्तराची सुरुवात आपल्या रोजच्या एका शब्दात आहे: वकील. काळ्या कोटातला माणूस हा त्याचा पुढचा अर्थ. मुळात अरबीत वकील म्हणजे ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. दापोलीतला भाऊ हा कुवेतवाल्याचा वकील. इ.स. 632 च्या अखेरच्या हजमध्ये पैगंबर मुहम्मद यांच्याकडे 100 उंट होते. 63 त्यांनी स्वतःच्या हाताने कुर्बान केले आणि उरलेले आपले जावई हजरत अली यांच्यावर सोपवले. सोबत सूचना दिली: मांस, कातडी, उंटांवरच्या झुलीसुद्धा वाटून टाकायच्या, आणि खाटकाची मजुरी त्यातून द्यायची नाही, ती वेगळी द्यायची. दान करणाऱ्याचा खर्च दानातून वळता होऊ नये, हे तिथेच ठरलं. म्हणून आजही कुर्बानीची कातडी मजुरीत देत नाहीत. ती मदरशाला किंवा गरजूला जाते.

पण वकिलाने सांगितल्यापेक्षा वेगळं काही केलं तर? याचा किस्सा मला फार आवडतो. पैगंबरांनी उर्वा नावाच्या साथीदाराला एक दिनार देऊन एक बकरी आणायला पाठवलं. उर्वांनी एका दिनारात दोन घेतल्या, एक वाटेत दिनारालाच विकली आणि बकरीही आणली, दिनारही परत आणला. पैगंबरांनी त्यांच्या व्यापारात बरकत यावी म्हणून दुआ केली. या एका व्यवहारावरून पंडितांत वाद पेटला. उर्वांनी विकलेली बकरी त्यांची नव्हती, विकायला कुणी सांगितलंही नव्हतं! हनफी आणि मालिकी या कायद्याच्या पंथांचे पंडित म्हणाले, असा व्यवहार लटकता राहतो. मालकाने मान्यता दिली की पक्का होतो. शाफई पंथाच्या प्रमुख मताने तो मुळातच रद्द ठरवला. फायदा झाला असला तरी मालकाची इच्छा विचारावीच लागते, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत.

याहून मोठं नवल नियतीचं. म्हणजे दैवाचं नव्हे, मनातल्या नियतचं. गोठ्यात बकरा एकच असतो. तो ईदच्या कुर्बानीचा असेल तर मालक स्वतः खातो, नातलगांना देतो, गरिबांना देतो. नवसाचा असेल तर मालकाला त्यातला घासही चालत नाही, सगळं गरिबांचं. नुसत्या सदक्याचा, म्हणजे ऐच्छिक दानाचा असेल तर कापलाच पाहिजे असं नाही. बकऱ्याऐवजी पैसे दिले तरी सदका होतोच. कुर्बानीच्या दिवसांत मात्र पैसे वाटून कुर्बानी फिटत नाही. ती जनावरावरच करावी लागते, आणि हनफींच्या मते दिवस उलटून गेले तरच किंमत दान करायची वेळ येते.

हनफी ग्रंथांत तर नियतीचं हे तत्त्व फार दूरवर नेलं आहे. मोठ्या जनावरात सात हिस्से असतात. सातांपैकी एकाने नुसत्या मांसासाठी पैसे घातले, तर उरलेल्या सहांचीही कुर्बानी होत नाही. शाफई म्हणतात, ज्याची नियत त्याच्यापाशी. सहांचं नुकसान नाही. आणखी एक उदाहरण पाहा. कुर्बानीला आणलेलं जनावर हरवलं, दुसरं घेतलं आणि मग पहिलं सापडलं. श्रीमंताने दोन्हींतलं कुठलंही एक द्यावं. गरिबाने दोन्ही द्यावीत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा उघड अन्याय वाटला. कारण कळल्यावर मी त्या तर्कापुढे थांबलो: श्रीमंतावर कुर्बानी आधीपासूनच बंधनकारक असते, जनावर कुठलं का असेना. गरिबावर मुळात काहीच बंधन नसतं. त्याने ते विशिष्ट जनावर कुर्बानीच्या नियतीने विकत घेऊन स्वतःच वचन दिलेलं असतं, आणि अशी वचनं दोन झालेली असतात.

मेलेल्या माणसाची इच्छाही अशीच जपली जाते. त्याने कुर्बानीची वसियत केली असेल तर तिचा खर्च मालमत्तेच्या एक तृतीयांशातून, आणि हनफींच्या मते मांस सगळं गरिबांना. वारसांनी खायचं नाही. मुलाने आपल्या मनाने बापाच्या नावावर केली तर घरचे खाऊ शकतात. शाफईंचं प्रमुख मत याहून कडक आहे: त्याने सांगून ठेवलं नसेल तर त्याच्या नावाने करूच नये.

आता पुन्हा कुवेत. तिथली ईद बहुधा आपल्या एक दिवस आधी येते. हनफींच्या हिशेबाने कुर्बानीचे दिवस जिलहिज्ज महिन्याच्या 10 ते 12 तारखांचे. म्हणजे दापोलीत 12 उजाडते तेव्हा कुवेतमध्ये 13 असते. मग कुणाची तारीख धरायची? जनावर जिथे आहे तिथली, असं बहुतेक मुफ्ती, म्हणजे धर्मनिर्णय देणारे पंडित, सांगतात. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, आणि शाफईंकडे 13 तारीखही चालते, त्यामुळे त्यांची ही अडचण एक दिवस पुढे सरकते. उलट अमेरिकेतल्या हनफी माणसाकडे 10 तारीख उजाडलेलीच नसेल तर भारतात घाई करू नका, त्याच्यावर कुर्बानी अजून लागू झालेली नाही, असं काही मुफ्ती बजावतात.

जिलहिज्जचा चंद्र दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत, ज्याच्या नावाने ती व्हायची त्याने केस आणि नखं कापू नयेत, असा शिरस्ता आहे. कुवेतमधला माणूसही तो पाळतो. म्हणून दुसऱ्याच्या नावाने कुर्बानी करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे: सुरी फिरली की हात धुऊन आधी त्याला फोन करा. तो तिथे तुमच्या फोनची वाट पाहत असतो.