छातीतली नळी निघताना दम कसा धरावा?



नरडाणा परिसरात रुग्णसेवा करताना मला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो : "ताई, नळी ओढताना जीव तर जाणार नाही ना?" शिरपूरकडच्या सातपुड्यातील पाड्यांवरून आमचे पावरा व भिल्ल बांधव उपचारासाठी धुळ्याला जातात. क्षयरोगात फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साचला, किंवा अपघातात बरगडी मोडून हवा साचली, तर डॉक्टर छातीत नळी बसवतात. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेले असते. त्यामुळे आतली हवा बाहेर पडते, बाहेरची आत शिरत नाही.

नळी काढताना हे पाण्याचे कुलूप उरत नाही. आपण श्वास आत घेतो तेव्हा फुप्फुसाभोवतीचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा आणखी कमी होतो. नेमक्या त्या वेळी नळी निघाली, तर छिद्रातून हवा ओढली जाऊन फुप्फुस पुन्हा दबू शकते. दुखले म्हणून रुग्णाने दचकून श्वास ओढला, की हाच धोका असतो.

यासाठी काही डॉक्टर खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात. काही जण पूर्ण सोडून रोखायला सांगतात. 2001 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित आढळल्या. तेव्हा आपले डॉक्टर सांगतील तसेच करावे. तोंड मिटून, शौचाला जोर लावतो तसा हलका जोर लावायलाही सांगतात. नळी काही क्षणांत निघते. लगेच टाका आवळून घट्ट पट्टी लावतात.

मराठी न समजणाऱ्या रुग्णाला ऐन वेळी "श्वास धरा" म्हणून उपयोग नाही. नदीत बुडी मारण्याआधी दम धरतो तसा, असे त्याच्या बोलीत सांगून आदल्या दिवशी तीन-चार वेळा सराव करून घ्यावा. दुखणे कमी होण्याचे औषध आधी मिळेल का, हेही विचारावे.

नंतर पट्टी स्वतः सोडू नये. अचानक दम लागला, छातीत दुखले, किंवा कातडीखाली करकर जाणवली, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे. विडी बंद ठेवावी. क्षयरोग असेल, तर नळी निघाली म्हणजे आजार गेला असे नाही; गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा.

आपल्या पाड्यावरचा कोणी रुग्णालयात असेल, तर त्याची बोली जाणणारा एक माणूस सोबत पाठवा. तीही मोठी सेवाच आहे.