धर्मग्रामाची वेस

नाताळ जवळ आला की वसईच्या वाड्यावाड्यांतून गोठ्यांचे देखावे उभे राहतात, दारोदारी आकाशकंदील लागतात आणि अन्य धर्मांचे लोकही ती शोभा पाहावयास जातात. चर्चची वास्तू सर्वांस दिसते. त्या वास्तूमागे उभी असलेली व्यवस्था मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. तेथील धर्मगुरूस कोण नेमतो, शेजारच्या गावातील चर्चशी त्याचे नाते काय, बिशप म्हणजे नेमका कोण, या प्रश्नांची उत्तरे सुशिक्षितांपाशीही बहुधा नसतात. आम्ही क्षेत्रातले, हरिकीर्तन हा आमचा वंशपरंपरेचा व्यवसाय. देवळांचा कारभार आयुष्यभर जवळून पाहिल्यामुळे शेजारच्या घरचा कारभार कसा चालतो, याचे कुतूहल आम्हांस पूर्वीपासून आहे. त्या कुतूहलापोटी हा लेखप्रपंच.

मराठी कॅथलिक समाजाने दोन सुबक शब्द घडविले आहेत : धर्मप्रांत आणि धर्मग्राम. इंग्रजीत त्यांना ‘डायोसिस’ व ‘पॅरिश’ म्हणतात आणि हे दोन्ही शब्द मुळात ग्रीक आहेत. ‘पॅरिश’च्या मुळाशी ‘पारोइकिया’ हा शब्द असून त्यात घर या अर्थाचा ‘ओइकोस’ दडलेला आहे. हा ‘ओइकोस’ आणि आपल्या संस्कृतातील ‘वेश’ म्हणजे घर, हे एकाच धातुकुळातले. म्हणजे ‘पारोइकिया’ला संस्कृत प्रतिशब्द शोधावयाचा तर ‘प्रतिवेश’, अर्थात शेजार, हाच द्यावा लागेल. पुढे त्याला परस्थानी तात्पुरता उतरलेल्याचा निवास असा अर्थ आला. आपण या जगात पांथस्थ आहोत अशी आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींची भावना होती, म्हणून त्यांनी तो उचलला. ‘डायोसिस’ हे रोमन साम्राज्यातील कारभारी विभागाचे नाव, पण त्याच्याही पोटात तेच ‘घर’ आहे. आणि बिशप? ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून देखरेख करणारा. त्यातील पाहण्याचा धातू आपल्या ‘स्पश्’चा सख्खा भाऊ. संस्कृतात ‘स्पश’ म्हणजे हेर, हे ऐकून बिशप महाराज रागावणार नाहीत अशी आशा आहे!

असो. वसईचेच उदाहरण घेऊ. हा प्रदेश पूर्वी मुंबई महाधर्मप्रांतात मोडत असे. २२ मे १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो वेगळा करून वसई धर्मप्रांत स्थापिला. पापडी येथील चर्च हे या धर्मप्रांताचे ‘कॅथीड्रल’ ठरले. लॅटिन भाषेत ‘काथेद्रा’ म्हणजे आसन, पीठ. ज्या चर्चमध्ये बिशपचे पीठ आहे ते कॅथीड्रल, मग त्याची इमारत लहान असो वा मोठी. पीठ ही कल्पना आपल्याला नवी नाही. वसईजवळच्या निर्मळ गावी शंकराचार्यांचे मंदिर आणि होली क्रॉस चर्च एकाच गावात नांदत आहेत.

पहिले बिशप झाले थॉमस डाबरे. हे गृहस्थ तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. कीर्तनकारास त्याचा आनंद होणारच. २००९ साली त्यांची पुणे धर्मप्रांतावर नेमणूक झाली. त्यांच्या जागी फेलिक्स मच्याडो आले आणि २०२४ साली थॉमस डिसोझा. बिशपला पोप नेमतात. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्याने आपला राजीनामा पोपकडे पाठवावा, असा नियम आहे.

मुंबईचे आर्चबिशप हे वसईच्या बिशपचे वरिष्ठ अधिकारी आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तसे ते नाही. मानाने ते वडील खरे, पण वसईच्या दैनंदिन कारभारात त्यांना हात घालता येत नाही. कार्डिनल ही पदवीही मानाची आणि नवा पोप निवडण्याच्या अधिकाराची. ती मिळाल्याने दुसऱ्याच्या धर्मप्रांतावर सत्ता येत नाही. एवढ्या अवाढव्य संस्थेत सामान्य कॅथलिक माणसाच्या वर पायऱ्या तीनच : गावचा धर्मगुरू, बिशप आणि पोप.

आता धर्मग्रामाकडे वळू, कारण खरे मर्म तेथे आहे. धर्मग्राम म्हणजे चर्चची इमारत नव्हे. तो आखून दिलेल्या सीमेतील श्रद्धावंतांचा समुदाय. १९८३ साली लागू झालेल्या चर्चच्या कायदेसंहितेत तशी व्याख्याच आहे. आपण अमुक देवाचे भक्त म्हणून अमुक देवळात जातो. येथे माणूस ज्या वेशीच्या आत राहतो त्या वेशीवरून त्याचा धर्मग्राम ठरतो. कायमचे राहण्याच्या इराद्याने आलेला मनुष्य पहिल्याच दिवशी तेथला होतो. तसा इरादा नसला तरी तीन महिने राहण्याने त्याचा त्या धर्मग्रामाशी कायदेशीर संबंध जडतो. सामवेदी असो, वाडवळ असो, कोळी असो की केवळ नोकरीपायी विरारला खोली घेतलेला परप्रांतीय असो, त्याच्या मुलाचा स्नानसंस्कार आणि त्याच्या घरची अंत्यविधीची प्रार्थना ही त्या धर्मगुरूची जबाबदारी होते. पांथस्थांचा शेजार हा मूळचा अर्थ असा अजून जिवंत आहे.

प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आपल्या पणजोबांची सही पाहून ज्यांचे डोळे ओलावले असतील त्यांना या वह्यांचे मोल सांगावयास नको. पण येथे एक खुबी अधिक आहे. माणसाचा विवाह कोठेही होवो, त्याची खबर त्याच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवावी लागते आणि तेथील मूळ नोंदीशेजारी तो लिहिला जातो. पुढे कोणी लग्न लपवून दुसरे करू पाहील तर बाळपणीचीच वही आडवी येते.

या व्यवस्थेला कज्ज्यांचे वावडे होते असे मात्र नव्हे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली; शरणागतीच्या करारात ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मोकळीक होती. युरोपीय पाद्री निघून गेल्यावर देशी धर्मगुरूंनी ही परंपरा सांभाळली. पण मुंबई इलाख्यात पोर्तुगालच्या राजाने नेमलेले धर्माधिकारी आणि रोमने थेट पाठविलेले धर्माधिकारी, असे दोन पक्ष दीर्घकाळ भांडत राहिले. १७९४ साली मुंबईतील चर्चेस त्यांच्यात वाटून द्यावी लागली. एकाच गावावर दोन बिशपांचा हक्क, हा तिढा १९२८ साली दमण धर्मप्रांताचा येथील भाग मुंबईत विलीन झाला तेव्हा सुटला. त्यातही आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि इंग्रज असावा, असे ठरले होते! इंग्रज आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी आपण होऊन जागा मोकळी केली आणि १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशस हे भारतीय आर्चबिशप त्या पीठावर बसले.

आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट आहे ती बदलीची. धर्मगुरू अविवाहित, म्हणून त्याच्यामागे गादीवर बसावयास मुलगा नाही. बिशपच्या आज्ञेने तो येतो आणि काही वर्षांनी दुसरीकडे जातो. गावाला लळा लागलेला असतो, निरोपाच्या दिवशी लोक रडतात, तरी जावे लागते. चर्चची मालमत्ता धर्मग्रामाची. त्यावर त्याचा वैयक्तिक हक्क नाही. आमच्या क्षेत्रांत पूजेची पाळी बापाकडून मुलाकडे गेली. पंढरपुरात ते हक्क १९७३ च्या कायद्याने संपुष्टात आणले गेले आणि त्यावरील वाद २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात मिटला. वंशपरंपरेने विद्या टिकते, हे आम्ही स्वतःच्या घरावरून सांगू शकतो. पण हक्क आणि विद्या या दोन वस्तू एकाच पेटीत ठेवल्या की बहुधा हक्कच उरतो.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. चर्च बांधण्यास श्रम आणि पैसा गावाने द्यावयाचा, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहावयाचे गावानेच, आणि निर्णय मात्र आज आलेल्या व उद्या जाणाऱ्या धर्मगुरूचा. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, असा नियम आहे. बिशपला योग्य वाटल्यास धार्मिक जीवनाचा विचार करणारी लोकांची परिषदही नेमता येते. पण या परिषदेचे मत कायद्याने केवळ सल्ल्याचे. धर्मगुरू सुज्ञ असेल तर तो सल्ला मानतो. नसेल तर लोकांनी बिशपकडे गाऱ्हाणे न्यावे किंवा बदलीची वाट पाहावी. हा या व्यवस्थेचा उणा भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही त्याच संहितेतील एका नियमाने आम्हांस मोह घातला. धर्मगुरूने प्रत्येक रविवारी आणि नाताळासारख्या मोठ्या सणाला एक मिस्सा आपल्या हवाली केलेल्या सर्व लोकांसाठी अर्पण केलीच पाहिजे. तिच्यासाठी कोणाकडून दक्षिणा घ्यावयाची नाही आणि कोणा एकाच्या नावे ती करावयाची नाही. बिशपवरही आपल्या अख्ख्या धर्मप्रांतासाठी हेच बंधन आहे. सूत्रे हाती घेतल्या दिवसापासून ते धर्मगुरूवर चढते आणि बदली होऊन नवा धर्मगुरू आला की त्या गावापुरते ते त्याच्यावर जाते.