सामानाचे नग किती?

मुलांनो, तुमच्यापैकी कोण कोण भाड्याच्या घरात राहतं? हात वर करा पाहू! माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की निम्म्याहून जास्त हात वर होतात. काही जण मात्र अर्धाच हात वर करतात आणि शेजारच्याकडे हळूच बघतात. अरे, त्यात लाजायचं काय? तुमच्या या बाईंनीसुद्धा लहानपणापासून आजवर पाच भाड्याची घरं पाहिली आहेत. पाच वेळा सामान बांधलं आणि पाच वेळा सोडलं. त्यामुळे आज मी बोलणार आहे ते अगदी अनुभवाचं आहे, बरं का!

घर शोधण्याविषयी मोठी माणसं पुष्कळ बोलतात. भाडं किती, पाणी किती वेळ येतं, शाळा जवळ आहे का. घर सोडायचं कसं, याविषयी मात्र कोणी बोलत नाही. ते दोन दिवसांत, धावपळीत आणि चिडचिडीत उरकलं जातं. त्या घाईत जे हरवतं, ते पुष्कळदा तुमचं, म्हणजे मुलांचंच असतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. माझ्या तिसरीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. शुक्रवारी चित्रकलेच्या तासाला तिने पावसाचं चित्र काढायला घेतलं. ते अर्धं राहिलं. "बाई, सोमवारी पूर्ण करते," म्हणाली. सोमवारी ती आलीच नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिच्या शेजारची मैत्रीण म्हणाली, "बाई, ते खोली सोडून गेले." कुठे? ते तिलाही माहीत नव्हतं. भाड्याची मुदत संपली होती, मालकांना खोली हवी होती. वडिलांनी रविवारी टेम्पो आणला आणि रात्रीपर्यंत खोली रिकामी झाली. मी फोन लावला, तर तो बंद!

महिनाभराने तिची आई दाखला न्यायला आली. तेव्हा कळलं, की ती मुलगी महिनाभर घरीच बसून होती. "दाखल्याशिवाय शाळेत घेत नाहीत," असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. आणि दाखला आणायला यायचं, तर एका दिवसाची मजुरी बुडत होती.

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठी. आपल्या देशात बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचं असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा किंवा लांबवायचा नाही. म्हणजे दाखला मागाहून आणला तरी चालतो, मूल आधी वर्गात बसलं पाहिजे. तरीसुद्धा घर सोडण्याआधी आठवडाभर शाळेत येऊन अर्ज दिलात, तर सगळ्यांचीच धावपळ वाचेल.

आता तुम्ही विचाराल, बाई, सोडायची तारीख आधी कळते का? बहुतेक वेळा कळते! घर भाड्याने घेताना करार होतो, त्यात मुदत लिहिलेली असते. आपल्याकडे ती बहुधा अकरा महिन्यांची असते. अकराच का, बारा का नाहीत? कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. ती टळावी म्हणून लोक अकरा महिने लिहू लागले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि आता आपल्या राज्यात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच. पण सवय जात नाही ना! अकरा महिने तसेच राहिले. त्यामुळे कराराला शाळेची सहामाही, वार्षिक परीक्षा काही कळत नाही. तो नोव्हेंबरातही संपतो आणि ऐन फेब्रुवारीतही.

म्हणून पहिलं काम हे करा. आईबाबांना विचारा, "आपला करार कधी संपतो?" आणि ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवा. पुष्कळदा करार वाढवून मिळतो, मग ती तारीख खोडायची. नाही मिळाला, तर निदान महिनाभर आधी घरात बोलणं सुरू होईल. त्या मुलीच्या घरी तारीख कागदावर होती, पण कागद ट्रंकेत होता आणि ट्रंक माळ्यावर!

आता सामानाकडे वळू. टेम्पोवाले आणि हमालदादा सामान कसं मोजतात, ठाऊक आहे? 'नग' म्हणून. एक गाठोडं, एक नग. एक खोकं, एक नग. कपाट, खाट, बादलीत कोंबलेले डबे, सगळे एकेक नग. तुम्हाला एक वही आणि जाड मार्कर मिळाला, तर हे काम तुमच्याइतकं चांगलं घरात कोणी करणार नाही. प्रत्येक नगावर मोठा आकडा घाला. वहीत लिहा, १ : स्वयंपाकाची भांडी. २ : अंथरुणं. निघताना टेम्पोपाशी वही घेऊन उभं राहायचं. एकेक नग चढला की एक खूण. नव्या घरी उतरला की दुसरी खूण. दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत. याहून चांगलं गणिताचं गृहपाठ मी तरी दिलेलं नाही.

पुस्तकं मात्र छोट्या खोक्यांत भरा हं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ४० सेंटीमीटर असलेलं खोकं पुस्तकांनी गच्च भरलं, तर ते सहज ४० किलो भरतं. म्हणजे चौथीतल्या मुलापेक्षा जड! खोक्याचा तळ फाटतो आणि जिन्यात 'बालभारती'चा पाऊस पडतो. मोठ्या खोक्यात उशा, गोधड्या, स्वेटर घालायचे. काचेच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळायच्या. वर्तमानपत्रापेक्षा साडी बरी, असं माझं मत आहे. कागदाचा कचरा होत नाही आणि साडी कुठेतरी भरायचीच असते.

फ्रीज असेल तर आदल्या दिवशीच बंद करायचा, बर्फ वितळू द्यायचा आणि आतून पुसून घ्यायचा. टेम्पोत तो उभाच न्यायचा. का बरं? फ्रीजच्या मागे, खालच्या बाजूला कॉम्प्रेसर असतो. त्यात तेल असतं. फ्रीज आडवा केला, की ते तेल नळ्यांमध्ये शिरतं. नव्या घरी पोचल्यावरही लगेच बटण दाबायचं नाही. काही तास तसाच उभा ठेवायचा, म्हणजे तेल आपल्या जागी परत येतं. आमच्या चौथ्या घरी थंड पाण्याच्या घाईने हे कोणी ऐकलं नाही आणि मग दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलं.

एक पिशवी अशी भरा की जी टेम्पोत जाणारच नाही. तुमच्या हातात किंवा आईच्या खांद्यावर राहील. तिच्यात शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्डं, भाडेकरार, गॅसचं पुस्तक, आजीआजोबांची औषधं, टॉवेल, साबण, बल्ब, काडेपेटी आणि बिस्किटांचा पुडा. बल्ब विसरू नका. नव्या घरात पहिल्या संध्याकाळी दिवाच नसतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

गॅसचं आणि विजेचं काम मोठ्यांचं. तुम्ही फक्त निघताना मीटरवरचा आकडा वहीत लिहा, फोटोही काढायला सांगा. पुढे बिलावरून वाद झाला, तर तुमची वही बोलेल.

आता डिपॉझिट, म्हणजे अनामत रक्कम. घर घेताना मालकांकडे पैसे ठेवलेले असतात. घर सोडताना ते परत मिळतात, पण मोडतोड झाली असेल तर त्यातून कापले जातात. आणि यात तुमचाही वाटा असतो! माझ्या भावाने एका घरात भिंतीवर क्रिकेटपटूंची चित्रं खळीने चिकटवली होती. सोडताना चित्रं ओढली, तर मागून रंगाचे पोपडे निघाले. भिंतीवर पांढरे ठिपके दिसू लागले. बाबांच्या डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या महिन्यात भावाच्या नव्या चपला आल्या नाहीत. चित्रं दोरीला चिमट्याने लावा, बाबांनो! आणि नव्या घरात गेल्या दिवशीच, सामान लावायच्या आधी, भिंतींचे, नळांचे, खिडक्यांचे फोटो काढून ठेवा. आधीपासूनची तडा गेलेली काच मग आपल्या नावावर लागत नाही.

सगळ्यांत शेवटी रिकाम्या घरात एकदा फिरा. माळा, दाराच्या मागचा हूक, गॅलरीतली कपड्यांची दोरी, न्हाणीघरातला कोनाडा. किल्ल्या मोजून मालकांच्या हातात द्या. रिकाम्या घरात आवाज घुमतो, ते जरा विचित्र वाटतं. वाटू द्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच खोक्यात मावत नाही. आमच्या दुसऱ्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर आई दर वाढदिवसाला आमची उंची पेन्सिलने आखायची. मी पाचवीत असताना ते घर सोडलं. टेम्पो निघाल्यावर मला आठवलं. तोवर उशीर झाला होता, आणि पुढे चौकटीला रंग लागला. साधी युक्ती होती हो! जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून लांब पट्टी चिकटवायची, ती जमिनीपासून चौकटीला लावायची आणि सगळ्या रेघा तारखांसकट उतरवून घ्यायच्या. गुंडाळी केली की झाला एक नग. माझ्या मुलीची उंची आता मी पहिल्यापासूनच अशा पट्टीवर आखते.

आणि मित्रमैत्रिणी? त्यांना सांगून निघा. "जातो" म्हणायला रडू येईल म्हणून पुष्कळ मुलं शेवटच्या दिवशी शाळेत येतच नाहीत. मग मागे राहिलेले विचारत बसतात, की आमचं काही चुकलं का? त्या तिसरीतल्या मुलीची मैत्रीण आठवडाभर हेच विचारत होती. तिचं अर्धं चित्र मी तिच्या आईबरोबर दिलं. तेव्हापासून मी वर्गाच्या कपाटात पोस्टकार्डं ठेवते. कोणी शाळा सोडून निघालं, की शाळेचा पत्ता लिहिलेलं एक कार्ड त्याच्या दप्तरात घालते. सगळी परत येतात असं नाही. काही येतात.

मागच्या दिवाळीनंतर चौथीतला एक मुलगा गेला. वही घेऊन टेम्पोपाशी उभं राहायचं, हे त्याला मी चांगलं बजावलं होतं. तीन आठवड्यांनी त्याचं कार्ड आलं. अक्षर नेहमीसारखंच तिरकं. "बाई, नग ३१ चढले, ३० उतरले. राहिला तो झाडू. आजी म्हणाली, जाऊ दे, नव्या घरात झाडू नवाच आणतात. इथल्या शाळेत माझा नंबर खिडकीजवळ आहे."