स्टिअरिंग हलकं होतं तेव्हा

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात चाकांच्या बॅगा रस्त्याच्या कडेलाच मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक आधी चेन ओढून पाहतं, मग भाव पाडतं आणि शेवटी बॅग दोन पावलं ढकलून बघतं. त्या क्षणी खालच्या चाकांकडे पाहावं. ती गर्रकन फिरतात आणि आपापल्या खिळ्याच्या मागे जाऊन राहतात. खिळा पुढे, चाक मागे, म्हणून बॅग सरळ चालते.

इथून पन्नासेक किलोमीटरवर, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. त्यांच्या पुढच्या चाकांमध्येही हाच खिळा होता, फक्त तिरका. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे कलवला की त्याची रेष जमिनीला टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळते. या कलण्याला कॅस्टर म्हणतात. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर तीन अंशांच्या कॅस्टरला हे अंतर दीड सेंटिमीटर भरतं, दहा अंशांना पाच सेंटिमीटरच्या वर. अंतर वाढलं की स्टिअरिंग जड होतं आणि वळणातून जोराने सरळ व्हायला बघतं.

जड स्टिअरिंग म्हणजे चांगलं स्टिअरिंग, असा आपल्याकडे एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

कारण हातात येणाऱ्या जोराचा दुसरा वाटा सस्पेन्शनच्या भूमितीतून येत नाही, रबरातून येतो. वळणात टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळवटतो आणि पकडीचा जोर मधोमध न राहता थोडा मागे सरकतो. त्यामुळेही स्टिअरिंग सरळ व्हायला बघतं. पण गाडी मर्यादेजवळ आली की टेकलेल्या भागाचा मागचा हिस्सा आधी घसरू लागतो, जोराचं केंद्र पुढे येतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. गंमत अशी की पकड तेव्हा अजून वाढत असते. म्हणजे टायर सुटण्याच्या आधी हाताला निरोप मिळतो. चांगला ड्रायव्हर गाडी चालवतो ती या निरोपावर.

कॅस्टर फार वाढवला तर भूमितीचा जोर इतका मोठा होतो की रबराची ही कुजबुज त्यात बुडून जाते. हात भरून येतात, कळत मात्र काही नाही. मग इंजिनिअर कॅस्टर वाढवतात तरी का? कारण स्टिअरिंग फिरवताच कॅस्टरमुळे बाहेरचं चाक आतल्या बाजूला कलतं आणि वळणात टायर जमिनीवर नीट बसतो. बुद्ध सर्किटचं दहा-अकरा-बारा हे उजवीकडचं लांबलचक वळण डाव्या पुढच्या टायरची परीक्षा घेतं. तिथे हा कल हवाच असतो. तोच कल आधीपासून कॅम्बर म्हणून भरून ठेवता येतो, पण त्याची किंमत टायर मोजतो. २०११ मध्ये स्पाच्या शर्यतीत रेड बुलने पुढचा कॅम्बर टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या शिफारशीपेक्षा जास्त ठेवला आणि टायरना फोड आले.

टोचं, म्हणजे चाकं वरून पाहता आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत याचं, गणित सोपं आहे. पुढची चाकं किंचित बाहेर उघडी ठेवली तर गाडी वळणात चटकन शिरते, सरळ रस्त्यावर मात्र अस्वस्थ असते. आणि बुद्धची सर्वांत लांब सरळ वाट तर किलोमीटरभराची आहे. शिवाय स्टिअरिंगचा दांडा आणि सस्पेन्शनचे हात यांची कमान जुळली नाही, तर उंचवट्यावर चाक आपण न फिरवताच फिरतं. सस्पेन्शन इतकं नेमकं बांधलेलं असतं की वळणाच्या कडेच्या कर्बचा एक चुकीचा फटका पुरे. २०११ मध्ये बुद्धवर फेलिपे मासाच्या फेरारीचं पुढचं सस्पेन्शन कर्बवर आपटून क्वालिफायिंगमध्ये मोडलं आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गोष्ट आणखी गुंतते. चाकणच्या फोक्सवॅगनच्या अमिओ कप या अशाच गाड्यांच्या स्पर्धेत २०१८ साली कोल्हापूरचा ध्रुव मोहिते विजेता ठरला. अशा गाडीत वळण आणि ताकद दोन्हींचा भार त्याच दोन टायरांवर असतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनची ओढही स्टिअरिंगमध्ये येते. टायर बोलतोय की इंजिन, हे हाताला वेगळं ओळखावं लागतं. हाताला यंत्राची मदतच नसेल, तर भार आणखी वाढतो. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० ते २०२३ या काळात फॉर्म्युला टूमध्ये धावला, त्या गाडीला तर पॉवर स्टिअरिंगच नव्हतं. तिथे कॅस्टरचा प्रत्येक अंश थेट मनगटावर येतो.

पॉवर स्टिअरिंगने वजन कमी होतं, पण ते नीट जुळवलं नाही तर वजनाबरोबर निरोपही पुसला जातो. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर यार्नो ट्रुली २०११ मध्ये लोटसच्या गाडीबद्दल नेमकी हीच तक्रार करत होता: हाताला काही जाणवतच नाही. अनुभवी माणूस, मोनॅकोची शर्यत जिंकलेला. तरी सहकारी हेइकी कोवालाइनेनच्या मागे पडायला लागला. कोवालाइनेनचं त्याच स्टिअरिंगशी फारसं वाकडं नव्हतं. म्हणजे ‘फील’ ही एका अंगाने मोजता येणारी आणि दुसऱ्या अंगाने सवयीची गोष्ट. जर्मनीच्या शर्यतीत ट्रुलीच्या जागी चेन्नईचा करुण चंडोक बसला. पुढे हंगेरीला नवं पॉवर स्टिअरिंग बसवून ट्रुली परतला.

३० ऑक्टोबर २०११ रोजी बुद्धवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली. चंडोकच्या वाट्याला शुक्रवारचा सराव तेवढा आला. रविवारी ट्रुली एकोणिसावा आला. त्याच्या दोन जागा पुढे, एचआरटी संघाच्या गाडीत, भारताचाच नारायण कार्तिकेयन होता.