अण्णांच्या कानाचा स्पीकर

दुकानात तयार पेट्या मिळत असताना घरी स्पीकर कशाला बनवायचा, हा प्रश्न सुरतेत आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. पाहुणा बेळगावचा असला तर मराठीत, धारवाडचा असला तर कानडीत. माझे उत्तर ठरलेले आहे. दुकानातला स्पीकर सगळ्यांसाठी असतो, आमचा एका माणसाच्या कानासाठी आहे.

तो माणूस म्हणजे आमचे अण्णा. वडगावच्या विणकराच्या घरातले. १९७९ साली सुरतेला आले आणि उधन्याच्या एका लूमच्या खात्यात जॉबर म्हणून लागले. बिघडलेला माग कान देऊन ओळखायचा, हे त्यांचे काम. पण धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये तो कानच पणाला लागतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. मागांची शेड ती सहज ओलांडते. कानात कापसाचे बोळे घालून अण्णांनी जवळजवळ तीस वर्षे काढली. संध्याकाळी घरी आले की बोळे काढायचे, चहा घ्यायचा आणि भीमसेन जोशींची कॅसेट लावायची. अव्वा धारवाडकडची. त्यामुळे कॅसेटची एक बाजू अण्णांच्या अभंगांची, तर दुसरी अव्वाच्या दासपदांची. गदग भागातल्या रोण गावी जन्मलेल्या या एकाच गळ्याने आमच्या घरातले दोन्ही पक्ष सांभाळले.

पहिली पेटी अण्णांनीच १९८८ साली केली. प्लायवूडची, आठ इंची वूफर आणि वर एक छोटा ट्वीटर. ट्वीटरच्या तारेत ४.७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, बस्स. गल्लीतले मेकॅनिक असेच करत, आणि ते चांगले वाजतही असे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीतून शहरात शिरले तेव्हा अडाजणमधले आमचे तळमजल्याचे घरही बुडाले. पाणी ओसरल्यावर पेट्यांचे प्लायवूड पापडासारखे सुटले होते, कागदाचे कोन चिखलात विरघळले होते. मॅग्नेट तेवढे शिल्लक राहिले. ते अण्णांनी धुऊन ठेवले, का ते त्यांनाच ठाऊक.

नव्या पेट्या करायचे काम मी अंगावर घेतले. दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत सुरतेचा बाजार झोपलेला असतो, त्याआधीच प्लाय कापून आणले.

इथे थोडे शास्त्र सांगते, कारण घरी स्पीकर करणाऱ्यांची खरी कसोटी लाकूडकामात नसून आकडेमोडीत असते. पूर्वी पेटीचा आकार अंदाजाने ठरे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात वूफरचे काही आकडे मोजून पेटीचे माप काढायची पद्धत बसवली. चांगल्या वूफरसोबत आज ते आकडे छापूनच येतात. माझ्या वूफरची स्वतःची कंपनसंख्या ३५ हर्ट्झ होती. त्याला बंद पेटी ३० लिटरची लागत होती. आतून २५ बाय ३० बाय ४० सेंटीमीटर घेतले की बरोबर ३० लिटर होतात. अशा पेटीत वूफर साधारण ६० हर्ट्झपर्यंत चोख उतरतो, त्याखाली हळूहळू गळतो.

साठच का पुरेसे? तर आमच्या घरात वाजणार तंबोरा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला धरला तर तो १३९ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ला. पेटी तिथपर्यंत पोचली की आमचे भागले. लग्नाच्या मांडवातला छाती हलवणारा धमधमाट आम्हाला नकोच होता.

प्लाय १८ मिलिमीटरचे. फेविकॉल आणि स्क्रू लावून जोडले, सांध्यांत एम-सील भरले. पेटी खरोखर बंद आहे का, हे बघायची सोपी युक्ती आहे. वूफरचा कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर ठीक, झटकन आला तर कुठून तरी हवा गळते आहे. आत भरायला पॉलिस्टरचा कापूस, उशीत घालतात तोच. सुरतेत आणखी काय मिळणार! असे भरण घातले की पेटी मापापेक्षा थोडी मोठी असल्यासारखी वागते. पुढच्या जाळीला साडीच्या बाजारातला नेटचा तुकडा लावला. कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची, ती अडली नाही तर आवाजही अडत नाही. दोन्ही पेट्यांच्या तारा सारख्या जोडल्या आहेत ना, हे पेन्सिल सेलने तपासायचे. सेल क्षणभर लावला की दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर खर्ज नाहीसा होतो आणि माणूस उगाच वूफरला शिव्या देतो.

स्पीकर उत्तम झाले. तरीही काही वर्षांनी अण्णा म्हणू लागले, “आवाज येतो गं, पण शब्द कळत नाहीत.” २०१६ साली कानाची तपासणी केली. कागदावरची रेघ ४००० हर्ट्झपाशी खोल खड्ड्यात गेलेली. सततच्या गोंगाटाने होणाऱ्या बहिरेपणाची ती खूणच असते. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. स, श, त, फ ही व्यंजने ओळखू येतात ती याच वरच्या पट्ट्यातून. म्हणजे “विठ्ठल”मधला ल पोचतो, ठ वाटेत सांडतो. डॉक्टरांनी यंत्र दिले. बोलण्यासाठी अण्णा ते लावतात, गाण्याच्या वेळी काढून ठेवतात. तंबोरा पत्र्याचा वाटतो म्हणे.

मग मी पेट्या पुन्हा उघडल्या. जुन्या पद्धतीचा तो एकच कपॅसिटर मीही ठेवला होता, अण्णांची आठवण म्हणून. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड लावले की तो ४२०० हर्ट्झच्या आसपास हाती घेतो. त्याखालचे सगळे वूफरकडे. पण ४००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटीमीटर आणि आठ इंची कोन त्याच्या दुप्पट रुंद. इतक्या रुंद कोनातून हा आवाज टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर जातो. बाजूच्या झोपाळ्यावर बसणाऱ्या अण्णांचा खड्डा आणि स्पीकरचा खड्डा एकाच जागी येत होते!

नवा क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झचा केला. त्यासाठी खाली उतरू शकणारा ट्वीटर घेतला, कपॅसिटर फिल्मचे, कॉइल एनॅमलच्या तारेची हाताने गुंडाळलेली, आत लोखंड न घालता. ट्वीटरचा आवाज दाबणारा रेझिस्टर थोडा कमी केला. थोडाच, कारण अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम टोचतो, मधली जागा अरुंद असते. पेट्या कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन फूट पुढे आणल्या, ट्वीटर झोपाळ्यावरच्या कानाच्या उंचीला. खालचा घुमणारा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, हे निरोगी कानालाही लागू आहे, अण्णांच्या कानाला तर फारच. आमच्याकडच्या सगळ्या सुधारणांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी ठरली ती कोपरा सोडण्याची.

गेलेले ऐकू येणे यातून परत आले नाही. घरच्यांना ते स्पष्ट सांगितले होते. पण त्या रात्री अभंगाच्या मध्येच अण्णा म्हणाले, “मागे टाळ आहेत की.” अव्वा स्वयंपाकघरातून, “तंबूरीनू केळस्तैति, चलो ऐति.” म्हणजे तंबोराही ऐकू येतोय, छान आहे. तिला कोणी विचारले नव्हते.

२०१९ मध्ये वूफरच्या कडेचा फोम हाताला लागताच पीठ होऊन पडला. समुद्राजवळच्या दमट हवेत तो फार टिकत नाही. आता कडा रबराच्या आहेत. घेतानाच रबर किंवा कापडाची कड बघून घ्यावी.

सध्या अव्वाची मागणी आहे स्वयंपाकघरासाठी एका छोट्या पेटीची. पाच इंची स्पीकर, नऊ लिटर, फोडणीच्या वाफेपासून दूर फ्रिजच्या वरच्या फळीवर. माप कागदावर काढून झाले आहे. अण्णांनी पुरातल्या मॅग्नेटांचा डबा खाली काढला आणि विचारले, “यातलं काही चालेल का?” पाच इंचीच्या मानाने ते फार जड आहेत. डबा अजून टेबलावरच आहे.