‘हवेतील खड्डा’ : एका शब्दाची चिकित्सा

विमान अकस्मात हादरले व क्षणभर खाली गेले की मराठी प्रवासी ‘हवेत खड्डा लागला’ असे म्हणतो. याच अर्थी ‘हवेची पोकळी’ असाही प्रयोग ऐकू येतो. दोन्ही शब्द सुबोध आहेत. परंतु ज्या वस्तूची ती नावे आहेत ती वस्तू हवेत नसते. शब्दाने वस्तूचे चुकीचे चित्र मनात उभे केले तर त्याचे परिणाम कोशापुरते राहत नाहीत, हे प्रस्तुत लेखकास गेल्या मे महिन्यात नागपूरहून हैदराबादला जाताना दिसून आले.

वेळ दुपारची होती. पंख्यांचे लहान विमान सोनेगावच्या विमानतळावरून उडून अजून वर चढत होते, आणि वरोऱ्याच्या परिसरावर येताच त्यास गचके बसू लागले. शेजारी गडचिरोली जिल्ह्यातील एक निवृत्त वनरक्षक व त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. दुसऱ्या गचक्यासरशी बाईंनी कमरेचा पट्टा सोडला. एस. टी. खड्ड्यात कलंडली तर चटकन उतरता आले पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव! पट्टा पुन्हा लावून घेतल्यावर वनरक्षकांनी झाडीबोलीत विचारले, “सर, हवेतबी खड्डे रायतेत का जी?”

प्रश्न नेमका होता. रस्त्यावरचा खड्डा म्हणजे जेथे असावयास हवी तेथे जमीन नाही अशी जागा. ‘जेथे हवा नाही’ अशी जागा मात्र विमानाच्या मार्गात कोठेही नसते. असते ती वर चढणारी किंवा खाली उतरणारी हवा.

मे महिन्यात चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथील तपमान ४६-४७ अंशांपर्यंत जाते. नांगरून पडलेली शेते, कोळशाच्या खाणींवरील मातीचे ढिगारे, डांबरी रस्ते ही झपाट्याने तापतात. ताडोब्याचे जंगल किंवा इरई धरणाचे पाणी तितके तापत नाही. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि आसपास कोठेतरी तितकीच हवा खाली उतरते. उन्हाळ्याच्या दुपारी ही उलथापालथ तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते; वादळी ढग बनला तर त्याहून पुष्कळ वर. सेकंदाला शंभराहून अधिक मीटर वेगाने जाणारे विमान चढत्या झोतातून उतरत्या झोतात एका क्षणात शिरते. पंखांवर येणाऱ्या हवेचा कोन त्यामुळे बदलतो, पंखांची उचल घटते व विमान खाली येते. पुढे पुन्हा चढता झोत लागला की ते वर ढकलले जाते.

हे ऐकून वनरक्षक थोडे थांबले व म्हणाले, “म्हंजे गिधाड पंख न हालवता वर जाते, तेच हवा का जी?” तीच. माझ्या लांबलचक विवेचनापेक्षा हे वाक्य सरस होते, हे मान्य केले पाहिजे.

नागपूरच्या हवाई टपालाची येथे आठवण होते. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत व परतत. त्यांत प्रवासीही असत. ही विमाने आजच्या विमानांपेक्षा पुष्कळ खालून उडत. तथापि रात्री जमीन निवते व तिच्यामुळे उठणारे झोत शमतात, हा त्यांना लाभ होता. पावसाळी ढगांपुढे मात्र रात्रीचाही उपाय नव्हता.

आकाश निरभ्र असतानाही गचके बसतात. फार उंचावर वाहणाऱ्या वेगवान वायुप्रवाहाच्या कडेला, भिन्न वेगांचे थर एकमेकांवरून सरकत असता भोवरे निर्माण होतात. विमानातील रडार पावसाचे थेंब ओळखते. कोरड्या हवेतील भोवरा त्यास दिसत नाही.

आता भीतीविषयी. आपल्या कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय उंची मोजत नाही, वेगही मोजत नाही. वेगातील बदल तेवढा त्यास कळतो. म्हणून लहानशी घसरण दरीत कोसळल्यासारखी भासते. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान ब्रह्मदेशावर ३७,००० फुटांवर संक्षोभात सापडले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण गंभीर जखमी झाले. प्राथमिक तपासात असे आढळले की, ते विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आले होते. हजारो फुटांची कल्पना करणाऱ्यास हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु विमान इतक्या जोराने खाली खेचले गेले की पट्टा न बांधलेली शरीरे मागे राहून छताकडे फेकली गेली, आणि लगेच खाली आदळली. पट्टा हा माणसास विमानाबरोबर ठेवण्यासाठी असतो. उतरण्याच्या घाईशी त्याचा संबंध नाही.

वर योजलेला ‘संक्षोभ’ हा शब्द ‘क्षुभ्’ या धातूपासून आला आहे; घुसळले जाणे, खवळणे हा त्याचा भाव. तो हवेच्या गतीचे वर्णन करतो, म्हणून शास्त्रीय लेखनास योग्य. बोलण्यात ‘गचका’ पुरेसा आहे. गचका आपणांस काय जाणवले एवढेच सांगतो, कारणाविषयी खोटी साक्ष देत नाही. ‘खड्डा’ रस्त्यावरच राहू द्यावा. तेथे त्याची उणीव नाही.

हैदराबादला विमान उभे राहिले, पट्ट्याचा दिवा विझला, लोक उठले. बाई मात्र पट्टा तसाच ठेवून पतीकडे पाहत होत्या. “सोड आता,” ते म्हणाले, “जमीन आली.”